मधला माणूस वगळून

इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या कृष्णरावांना कुणालाही न विचारता शहरातल्याच पलासियाला जायचे होते. तिथे त्यांचा मित्र गोपीनाथ राहत असे आणि सकाळच्या पोह्यांवर वाट बघत असे. मागणी एवढीच. पण रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून कुठेही निघायचे तर मुलाच्या स्कूटरची मागची सीट मागावी लागे, आणि जयेश ती सरकारी अनुदानासारखी देई: उशिरा, उपकार म्हणून, आणि अर्ध्या वाटेपर्यंतच.

"बाबा, पलासिया नाही होणार. चौकात उतरून घ्या ना, मीटिंग आहे."

तेव्हा कृष्णरावांनी सायकल घ्यायचे ठरवले.

आधी ते गल्लीतल्या दिवाकरच्या दुकानात गेले. दिवाकरने त्यांना एकेका सायकलवर बसवले, सीट वरखाली केली, कॅरिअर धरून गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावला. कृष्णरावांनी त्याचा चहा घेतला, आवडलेल्या सायकलचे नाव मनात घोळवत घरी आले आणि तीच सायकल फोनवरून 'चक्रमित्र' कंपनीकडे मागवली. कंपनी थेट ग्राहकाला माल देई. 'मधला माणूस वगळा' हे तिचे ब्रीद. कृष्णरावांना ते फार पटले. मधला माणूस हा नेहमी दुसराच कुणीतरी असतो.

खोके आले. त्यावर लिहिले होते, 'आपली सायकल जवळजवळ जोडलेली आहे.' जवळजवळ या शब्दात हँडल, पुढचे चाक, सीट, पेडल आणि ब्रेक यांचा समावेश होता. ग्राहकाने ते सगळे स्वतः जोडायचे, जोडतानाचा अखंड व्हिडिओ पाठवायचा, मगच हमी लागू. जयेशने फोन धरला. कृष्णरावांची बोटे सोलली, एक पाना नळीत पडला, तो काढायला चिमटा लागला. पण दुपारपर्यंत सायकल अंगणात उभी राहिली, पहिल्यांदा पायावर उभ्या राहिलेल्या वासरासारखी.

मग, जयेशचा व्हिडिओ चालू असतानाच, त्यांच्या पत्नी रमाबाईंनी नव्या गाडीचे जे घरोघरी करतात तेच केले. हँडलला हळदकुंकू लावले, चाकापाशी नारळ फोडला आणि आपल्याच नादात म्हणाल्या,

*नव्या ग घोड्याला, लावते हळदीकुंकू*
*धनी माझे जाती दूर, वाट नका कुणी रोखू*

वाट कंपनीने रोखली. ग्राहक-आनंद विभागातून देवयानी नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

"सर, फ्रेमवर आपण अनधिकृत रंगकाम केलंय."

"ते कुंकू आहे, बेटा."

"ही छटा आमच्या रंगांमध्ये नाही, सर. शिवाय चाकाजवळ कठीण वस्तूचा आघात दिसतोय."

"नारळ होता. जमिनीवर फोडला."

"आणि व्हिडिओत विनापरवानगी संगीत आहे."

कृष्णरावांनी रमाबाईंकडे पाहिले. "संगीत इथंच उभं आहे," ते म्हणाले. "त्याच्याकडून परवानगी तर मीही घेत असतो."

"मी आपली भावना समजू शकते, सर," देवयानी म्हणाली आणि हमी स्थगित केली. निकाल लागेपर्यंत सायकल रस्त्यावर आणायची नाही, आणली तर प्रकरण कायमचे बंद. सुटकेचा मार्ग होता, त्याचे नाव 'समुदाय-सहभाग'. आसपासच्या ग्राहकांची खोकी कृष्णरावांच्या ओट्यावर उतरतील, ती त्यांनी जोडून द्यावीत. ग्राहकांनी पुरेसे तारे दिले की हमी आपोआप जिवंत होईल.

कृष्णराव तयार झाले. पलासिया फार दूर नव्हते.

खोकी आली. मग खोक्यांमागून माणसे आली, हातोदहून, महूहून. "काकाजी, ब्रेक कचकच करतोय." "काकाजी, सीट जरा चुभते." कृष्णराव ब्रेक बघत, सीट बघत. कंपनी इतकी प्रसन्न झाली, की तिने त्यांच्या ओट्याला 'अनुभव-अंगण' असा दर्जा दिला. त्यांची स्वतःची सायकल नमुना म्हणून उभी राहिली. तिच्यावर पाटी लागली, 'फक्त बसून पाहावे.' रमाबाईंचा चहा 'आदरातिथ्य' या सदरात गेला आणि त्यालाही तारे मिळू लागले. पुरेसे तारे म्हणजे किती, हे विचारले की देवयानी भावना समजून घेई.

एक दिवस दिवाकर आला. त्याचे दुकान बंद झाले होते, तिथे आता मोमो मिळत. त्याने सायकलवर बसून पाहिले. सीट वर करायला सांगितली, मग खाली. "जरा मागून धरा ना, काकासाहेब," म्हणाला. कृष्णरावांनी कॅरिअर धरले. चहा झाला.

"मग घेतोस ना, भिया?"

"तुमच्याकडून?" दिवाकर बशी खाली ठेवत म्हणाला. "नको हो, काकासाहेब. मध्ये कशाला कुणी? फोनवरून मागवतो. खोकं तुमच्याच ओट्यावर येईल, आरामात जोडून ठेवा."

 पाटी तिरकी झाली होती, ती कृष्णरावांनी सरळ केली.

परवा तुम्हीही आला होतात. सीटची उंची जुळवून घेतलीत, घंटी वाजवून पाहिलीत, सायकलचा फोटो काढलात. निघताना त्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या स्कूटरच्या मागच्या सीटकडे बघत विचारले होते, "पलासियाकडे चाललात का?"

तुम्ही घाईत होतात. घरी पोचल्यावर मात्र आठवणीने चहाला तीन तारे दिलेत.