खट् वाजल्याची साक्ष

आधीच मोठ्याने सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी कुरकुर करायला नको. पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या कवळीची शप्पथ, चष्म्याची शप्पथ आणि कानातल्या यंत्राची तर गळ्याला हात लावून शप्पथ. यातलं काही खोटं निघालं, तर ते यंत्र याच क्षणी बंद पडो आणि मला माझ्या जावयांचं बोलणं पुन्हा कधी ऐकू न येवो. ही शप्पथ मी हसत हसत घेते असं माझी मुलगी म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

तर आमच्या जावयांनी घर आणलं. चाकांवरचं. कॅम्पर व्हॅन म्हणतात त्याला. आत दोन पलंग, एक शेगडी, एक टेबल, आणि एक न्हाणीघर, ज्यात वळायचं झालं तर आधी बाहेर यावं लागतं.

जावई झाकणांच्या कारखान्यात कार्यपद्धती अधिकारी आहेत. झाकणं बनवणारी माणसं वेगळी. झाकण कसं बनवावं ते कागदावर लिहून, कागद प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावतात ते आमचे जावई. कागद लागायच्या आधी झाकणं जास्त घट्ट बसायची असं तिथले कामगार म्हणतात, पण ते जेवणाच्या सुट्टीत, हळू आवाजात.

गाडी तीस दिवस वापरून बघायला मिळाली होती. अट अगदी सोपी. आवडली नाही, तर तिसाव्या दिवशी दुपारी चारच्या आत गाडी, किल्ली आणि माहितीपुस्तिका कंपनीच्या खिडकीवर परत करायची. चार वाजून गेले, की 'ग्राहकास गाडी मनापासून पसंत पडली आहे असे समजण्यात येईल', आणि ती पसंती तीन वर्षं मागे घेता येणार नाही. 'मनापासून' हा शब्द छापील होता.

मुलीला आणि जावयांना गाडी परत करायची होती. मला कुणी विचारलं नाही. घरी माझ्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या सांडपाण्याच्या पाइपाकडे उघडते. त्या पाइपाला मी अठरा वर्षं ओळखते. गाडीत मात्र रोज सकाळी पडदा सारला की बाहेर काहीतरी वेगळंच. एक दिवस तळं, एक दिवस म्हशी, एक दिवस दुसऱ्याच गाडीतले एक आजोबा दाढी करताना. पण विचारल्याशिवाय मत देणारी मी नव्हे. मी आपली विणत बसायचे.

परत करायचं कारण म्हणजे दार.

गाडीला चार दारं, आणि चौघं आपसांत बोलून ठरवतात. बाजूचं सरकतं दार पूर्ण बसलं, की तीस सेकंदांनी 'खट्' होतं आणि चारही दारं एकदम लागतात. किल्ली आत आहे की बाहेर, याची चौकशी दार करत नाही. पहिल्यांदा मुलगी बाहेर राहिली, पेट्रोल पंपावर, तोंडात दात घासायचा ब्रश. दुसऱ्यांदा जावई, अर्धी दाढी झालेली. उरलेली अर्धी त्यांनी तशीच वागवत एका साहेबांना रस्त्यात नमस्कारही केला. तिसऱ्यांदा सगळेच बाहेर. तेव्हा जावयांनी रागाने हँडल चौदा वेळा ओढलं. कुलपाला वाटलं चोर आहे. ते 'सुरक्षित निद्रे'त गेलं आणि सहा तासांनी उठलं. पुस्तिकेत पान बेचाळीसवर लिहिलेलंच होतं: 'बंद दाराचे हँडल ओढल्यास कुलूप सहा तास प्रतिसाद देणार नाही.'

दुसरा कुणी असता तर किल्ली खिशात ठेवायला शिकला असता. जावयांनी कार्यपद्धती लिहिली.

तिचं नाव 'दारबंदी प्रतिबंधक कार्यपद्धती'. प्लॅस्टिकमध्ये घालून शेगडीच्या वर चिकटवली. जावई किल्लीधारक. मुलगी दारधारक. आणि मी दाराशी पायरीवर बसते म्हणून मला 'खट्-साक्षीदार' नेमलं. खट् वाजलं की मी सांगायचं, जावयांनी वहीत वेळ लिहायची, मी सही करायची. आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईत: 'साक्षीदाराने खट् वाजल्याचे सांगितल्यावर कोणीही, कोणत्याही कारणास्तव, हँडलला हात लावू नये.'

"आई, तुमच्यावर सगळी भिस्त आहे," जावई म्हणाले.

"असू द्या हो, जावईबापू," मी म्हटलं. "या वयात कुणी कामाला लावलं की बरं वाटतं."

तिसाव्या दिवशी साडेअकरालाच आम्ही कंपनीसमोर हजर. म्हणजे अगदी समोर. मधे फक्त रस्ता. पलीकडे कंपनीची काचेची खिडकी आणि खिडकीत एक बाई शिक्के पुसत बसलेली. जावयांनी गाडी झाडली, पुसली, व्हॅक्यूम फिरवला. त्या घरघरीने माझं डोकं उठलं, म्हणून मी कानातलं यंत्र काढून डबीत घातलं आणि डबी टेबलावर ठेवली. मग परतीचे फोटो. कंपनीचा नियम असा, की किल्ली आणि पुस्तिका आत टेबलावर मांडायची, सगळ्या माणसांनी उतरायचं आणि चारी बाजूंनी गाडीचे फोटो काढायचे.

मुलीने फोन हातात घेतला. "आई, दोन मिनिटं दार धर गं!" ती ओरडली.

मी धरलं. एका हातात दार, एका हातात विणकाम, काखेत लोकरीचा गुंडा. म्हातारं माणूस किती वेळ काय काय धरणार? वारा आला. दार सरकलं. मी तीस सेकंद थांबले आणि साक्षीदाराच्या पदाला शोभेल अशा आवाजात जाहीर केलं, "खट् झालं."

जावयांचा चेहरा बेसिनसारखा पांढरा पडला. "नक्की?"

"चांगलं जाड खट् झालं," मी म्हटलं.

मुलगी दाराकडे धावली. जावई हात पसरून आडवे झाले. "हात लावू नकोस! बारा वाजलेत! आत्ता ओढलंस तर सहा वाजेपर्यंत उघडायचं नाही!"

"अहो, पण नुसतं बघते ना..."

"आईंनी सांगितलंय ना खट् झालं? मग संपलं."

इतक्या वर्षांत माझ्या शब्दाला घरात एवढी किंमत कधी आली नव्हती.

काचेतून सगळं ओळीने दिसत होतं. किल्ली, पुस्तिका, माझी डबी आणि खट्-नोंदीची वही. वही आत राहिल्यामुळे नोंद करता येईना, तेव्हा जावयांनी दुकानातून नवी वही आणून पहिल्या पानावर 'भाग दोन' लिहिलं. मी सही केली.

मग ते रस्ता ओलांडून खिडकीवर गेले. मुलगी सोबत होती. परत येऊन तिने मला कानाशी ओरडून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"ही बघा गाडी. परत आणलीय," जावई म्हणाले.

"दिसतेय," बाई म्हणाली. "किल्ली?"

"गाडीत."

"पुस्तिका?"

"तीही गाडीत."

"मग गाडी परत आलेली नाही. नुसती आलेली आहे."

"दार लागलंय. तुम्ही उघडून द्या."

"उघडायचा अर्ज मालकाने करायचा असतो."

"मालक कोण?"

"चारपर्यंत कंपनी."

"मग कंपनीने करावा."

"कंपनीने स्वतःच्या गाडीची तक्रार स्वतःकडेच करायची? बरं दिसतं का ते?"

"मग मी करतो!"

"करा की," बाई गोड हसली. "चारनंतर."

जावई संतापले असतील असं तुम्हाला वाटेल. छे. ते परत आले ते जरा भारावूनच. "नियम अगदी बिनचूक लिहिलाय," मुलीला म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी एक टाका चुकले.

मग मदतकक्षाला फोन. चाळीस मिनिटं सनई वाजली. मग एक मुलगी बोलायला लागली. साक्षीदार म्हणून जावयांनी फोन मोठ्या आवाजावर टाकून माझ्या कानाला लावला.

"आपण गाडीच्या आत आहात की बाहेर?"

"बाहेर."

"दार आतून उघडून बघितलंत का?"

"आम्ही बाहेर आहोत!"

"समजलं. गाडीचा नोंद क्रमांक सांगा. तो दाराच्या आतल्या बाजूला असतो." जावयांनी काचेला नाक लावून आत पाहिलं. "बरं, ते राहू द्या. खट् कुणी ऐकलं?"

"मी," मी म्हटलं.

"ग्राहकाच्या कोण आपण?"

"सासू."

"मग चालेल. सासू ग्राहकाच्या बाजूने बोलते असं धरत नाहीत. खट्, खटक् की खडाक्?"

"खट्. जरा ओलसर."

तिने ते लिहून घेतलं. माझ्या साक्षीला क्रमांक मिळाला, एकोणीस आकडी. माझ्या लग्नालासुद्धा एवढा क्रमांक नव्हता.

अडीच वाजता मदतकक्षाने धाडलेला कंपनीचा कुलूपवाला आला. जाडजूड माणूस. आयुष्यभर ठोकाठोकीत राहिल्यामुळे बोलायचा ते गल्लीभर ऐकू जायचं. आला तो थेट दाराकडेच गेला आणि हात पुढे केला. माझी सुई टाक्यातच थांबली.

"थांबा!" जावई ओरडले.

"आधी ओढून तर बघतो."

"ओढून? तुम्ही तज्ज्ञ आहात की रस्त्याने जाणारे? पान बेचाळीस वाचलंय का?"

"साहेब, पंचवीस वर्षं कुलपं उघडतोय. निम्मी लागलेलीच नसतात."

"इथे साक्ष नोंदलेली आहे," जावयांनी वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "वेळेसकट. सहीसकट. एकोणीस आकडी!"

कुलूपवाल्याने वही वाचली. मग दाराकडे पाहिलं. मग दाराच्या खालच्या खाचेकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिथून निळ्या लोकरीचं एक टोक बाहेर आलं होतं. मग त्याने माझ्या मांडीवरच्या निळ्या मोज्याकडे पाहिलं. आणि हत्यारांची पेटी आपटून माझ्याशेजारी रस्त्याकडेच्या कठड्यावर येऊन बसला.

"साक्ष असल्यावर आमचं काय चालणार," तो म्हणाला. थर्मासातला चहा त्याने झाकणात ओतला आणि मला दिला. "काय आजी, गाडी आवडते का?"

"मला कोण विचारतंय," मी म्हटलं.

"मी विचारलं ना आत्ता."

"खिडकी चांगली आहे," मी म्हटलं.

त्याने मला पुन्हा झाकणभर चहा ओतला.

साडेतीनला मुलीचा धीर सुटला. "अहो, अर्धा तास राहिला! तीन वर्षं त्या न्हाणीघरात मागे मागे सरकत जायचंय का मला? मी ओढते, होईल ते होईल!"

"आणि सहा तास लागले तर?"

"नाही ओढलं तर तीन वर्षं लागतील!"

हिशेब तिचाच बरोबर होता. जावयांनी हँडलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आई, तुम्ही शंभर टक्के ऐकलंत ना?"

आता खरी कसोटी. मी विणकाम खाली ठेवलं. "जावईबापू," मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा साक्षीदार नेमा. पण मग तशी दुरुस्ती आधी कागदावर करायला हवी."

दुरुस्ती हा शब्द ऐकून त्यांचे डोळे लकाकले. "बरोबर! लाल शाईतला नियम बदलल्याशिवाय तो मोडायचा कसा?" त्यांनी 'भाग दोन' उघडला आणि दुरुस्तीचा मसुदा लिहायला बसले. प्रस्तावना संपली तेव्हा चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

खिडकीतली बाई रस्ता ओलांडून आली. हातात कागदी फुलांचा गुच्छ आणि प्रमाणपत्र. "अभिनंदन! आपल्याला गाडी मनापासून पसंत पडली आहे." मुलगी रडायला लागली. बाईने तेही खाली टिपून घेतलं: आनंदाश्रू.

जावयांनी मालक म्हणून लगेच अर्ज करायला फोन लावला. नवा मालक तीन दिवसांनी संगणकात दिसेल असं उत्तर आलं.

"मला तर औषध घ्यायचंय," मी म्हटलं. उठले आणि हँडल ओढलं.

दार उघडलं.

सगळे पुतळ्यासारखे उभे. सगळ्यात आधी भानावर आली ती खिडकीतली बाई. "बघितलंत? मालकी लागू झाल्याबरोबर गाडीने मालक ओळखला!" जावयांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: 'चार वाजून पाच मिनिटे. दार स्वेच्छेने उघडले.' कुलूपवाल्याने वाकून खाचेतली लोकर ओढून काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"आजी, धागा पडला होता तुमचा. विणकामाची सवय जुनी दिसते."

"साठ वर्षं."

"हात बसलाय," तो म्हणाला आणि पेटी उचलून निघून गेला.

आता हे लिहितेय ते गाडीच्या पायरीवर बसून. समोर नदी आहे. मुलगी रोज पोहते आणि 'गाडी ठेवायची माझीच कल्पना' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जावई कार्यपद्धतीची चौथी आवृत्ती लिहितायत. किल्ली अजूनही टेबलावरच असते.

आणि हो, सगळं खरं म्हटलं होतं, पण एक बारीकसा तपशील माझ्या पदरचा आहे. खट् झालं नव्हतं. झालं असतं तरी मला कुठून ऐकू येणार? यंत्र आत डबीत होतं. हे जावयांनी काचेतून पाहिलं, मुलीने पाहिलं, आणि तुम्हाला तर मी स्वतःच सांगितलं होतं. दार पूर्ण बसू न देणारी लोकरसुद्धा दाखवली. तरी तुम्ही इथवर आलात आणि आजींना खट् ऐकू कसं आलं, असं एकदाही विचारलं नाहीत. का, तर वहीत लिहिलेलं होतं, सही होती, क्रमांक एकोणीस आकडी होता.

शपथेचंही तसंच. यंत्र ठणठणीत चालू आहे. जावयांचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येतंय.

आता वाचून झालंच आहे, तर एक करा. तुमच्याही घरात नाहीतर कचेरीत वर्षानुवर्षं बंद असलेलं एखादं दार असेल. उठा, जा, आणि ओढून बघा. की आधी कुणाची परवानगी लागते?