झाडूलासुद्धा चिठ्ठी

पहिली चिठ्ठी फ्रिजवर उगवली. धुरपताबाई सकाळी दूध ठेवायला गेल्या, तर दारावर पांढऱ्या कागदाचा तुकडा, त्यावर निळ्या पेनाची इंग्रजी अक्षरं आणि भाताच्या पेजेचा ओलसर वास. वायरमननं काही लावलं असेल, असं म्हणून त्यांनी दूध आत ठेवलं. दुपारी आरशावर चिठ्ठी आली. मग खुर्चीवर, खिडकीवर, पाण्याच्या गुंडावर. धानाच्या बांधीत बगळे उतरावेत, तशा आवाज न करता त्या घरभर उतरत गेल्या.

तुम्ही-आम्ही तिथं असतो तर वाचलं असतं: मिरर, चेअर, विंडो. धाकटी सून निशा इंग्रजी शिकत होती, एवढीच गोष्ट. वस्तूला हात लावण्याआधी तिचं नाव ओठांवर यावं, म्हणून ती चिठ्ठ्या चिकटवत होती. पण धुरपताबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, आणि तीही मराठी. इंग्रजी अक्षरं त्यांना तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखी वाटत. दिसायला गोड, पण काय बोलतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि निशाला सांगायची लाज वाटत होती. लेकराची आई झालेली बाई ए-बी-सी-डी घोकते, हे सासूला कसं सांगायचं? सासू खोलीत आली की ती हातातला कागद पदराआड करी आणि लाल होई.

सुनेनं काही लपवलं की सासूला झोप येत नाही. धुरपताबाई कान देऊन राहू लागल्या. सकाळी गोठ्यातून कुजबुज ऐकू आली. निशा कपिली गाईसमोर उभी राहून हात पुढे करून म्हणत होती, "प्लीज सिट डाऊन." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हटल्यावर कपिलीनं एक उसासा सोडला आणि खरोखरच बसली. धुरपताबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. मंत्र होता तर!

अशात शेजारची प्रेमिला विरजण मागायला आली. वाटी हातात घेऊन तिनं घरभर नजर फिरवली आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

"काकी, वाटणी होऊन राहिली का तुमच्या घरी?"

"कायची वाटणी वो?"

"सामानाची. आमचे सुखराम अन् शालीकराम वेगळे निघाले, तवा पंचांनी अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या. चिठ्ठी लागली ते धाकट्याचं, कोरं राहिलं ते मोठ्याचं."

"आमचा मोठा तं आमगावले राह्यते. त्याले काय कराचं सामान?"

"म्हणूनच तं. तो येण्याच्या आधी धाकटी आपलं लावून घेऊन राहिली," प्रेमिला म्हणाली आणि विरजण न घेताच गेली. वाटी तेवढी राहिली.

धुरपताबाई उठल्या. कोरं काय राहिलं ते बघायला हवं. पाट्याला चिठ्ठी होती. धानाच्या कोठीला होती. त्यांच्या स्वतःच्या खाटेला होती. कोपऱ्यातल्या झाडूला, जो झिजून मुठीएवढा उरला होता, त्यालासुद्धा होती. कपिलीच्या शिंगावर अर्धी होती. उरलेली अर्धी खाली पडल्यावर कपिलीनं खाल्ली असावी.

मग त्यांनी स्वतःला चाचपलं. पदर झटकला. आरशाकडे पाठ करून मान वळवून पाहिलं. शेवटी अंगणात खेळणाऱ्या नातीला हाक मारली.

"टीना, माह्या पाठीवर काही चिपकलं आहे का पाह्य बरं."

टीनानं नीट पाहिलं. "नाई आजी. चिपकवू का?"

"तू नको चिपकवू. चिपकवणारीनं चिपकवलं पाह्यजे."

म्हणजे घरात कोरी वस्तू एकच. धुरपताबाई आंब्याखालच्या खाटेवर जाऊन बसल्या. थोरला वीरेंद्र वाईट नव्हता, त्याची बायको रेणूही वाईट नव्हती. पण आमगावचं त्यांचं घर दुकानाच्या वर, जिन्यावरून चढायचं. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. त्या घरात दुपार नावाची गोष्टच नव्हती. इथं दुपार होती. निसवायला आलेल्या धानाचा दुधाळ वास तिच्यात होता, कोंबड्यांची बडबड होती, आणि वर आभाळात शिकाऊ पायलट पोरांची छोटी विमानं संथ गोल गोल फिरायची, कोणीतरी आभाळाचं दही घुसळत असल्यासारखी. त्या घुंईच्या आवाजावर त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात विमानांतून चिठ्ठ्या पडत होत्या. तळ्यावर पडल्या, तळ्याचं नाव झालं. बगळ्यांवर पडल्या, बगळ्यांचं झालं. दिवसाढवळ्या चंद्र निघाला, त्यालाही एक चिकटली. धुरपताबाई पदर पसरून खालून धावत होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठी त्यांच्या अगदी जवळ येऊन वाऱ्यानं बाजूला सरकत होती. मग एक सरकली नाही. गालावर येऊन अलगद टेकली, थंडगार. धुरपताबाई हसून जाग्या झाल्या. गालाला हात लावला, तर खरंच चिठ्ठी!

"टीना! पाह्य, लागली!"

टीना आली, तिनं चिठ्ठी निरखली आणि आजीच्या गालावरून हळूच सोडवली.

"आजी, हे खाटीची आहे," असं म्हणून तिनं ती थुंकी लावून परत खाटेला चिकटवली.

आता मात्र हद्द झाली. धुरपताबाईंनी फोनवरचं दोनचं बटण दाबून धरलं.

"वीरेंद्र, तुह्या वाट्याचं निघालं. घेऊन जाय."

"काय निघालं माय?"

"मी," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

वीरेंद्र भांबावला, रेणू नाही. "माय वाट्याले आली म्हणजे अजून काही आलं असंल," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं नका जाऊ. दुकानाची गाडी काढा."

उन्हं कलताना दुकानाचा टेम्पो, छोटा हत्ती, अंगणात येऊन थांबला. धुरपताबाई गाठोडं घेऊन तयारच होत्या. कोणी काही विचारायच्या आत त्या पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि समोरच्या काचेकडे बघत राहिल्या. प्रेमिला कुंपणापाशी हजर होतीच. "चिठ्ठी नाही ते तुमचं, वहिनी!" तिनं रेणूला ओरडून नियम सांगितला.

रेणू घरात गेली आणि आतून तिचा आवाज आला. "अवो, पाट्यालेही सोडलं नाही! अन् झाडूले? झाडू काऊन पाह्यजे बाप्पा हिले?" रागारागानं तिनं झाडूच उचलून बाहेर आणला. ती बारावीपर्यंत शिकलेली. चिठ्ठीवर बोट ठेवून तिनं अक्षरं लावली आणि तिचा आवाज मध्येच मऊ झाला.

"ब्रूम."

"म्हणजे?" वीरेंद्रनं विचारलं.

"म्हणजे झाडू."

"झाडूवर झाडूच लिहिलं आहे?"

रेणू परत आत गेली. "आरशावर आरसा आहे. खिडकीवर खिडकी." ती दारात येऊन उभी राहिली. "दरवाजावर दरवाजा."

"पंच दारू पिऊन होते का?" वीरेंद्र म्हणाला.

प्रेमिलाला तेवढ्यात चुलीवरचं दूध आठवलं.

नेमकी तेव्हाच निशा बांधीतून आली, डोक्यावर गवताचा भारा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. अंगणात गाडी, गाडीत सासू, जावेच्या हातात झाडू आणि समोर भासरे, म्हणजे थोरले दीर. भारा टाकून तिनं आधी पदर डोक्यावर घेतला.

"आई कुठं चालल्या?"

"माह्या वाट्याले," धुरपताबाई काचेकडे बघत म्हणाल्या.

सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा निशा हसली नाही. तिथंच भाऱ्यावर बसली.

"टीना शाळेतून आली का काहीबाही सांगत राह्यते, दीदी. एका दिवशी मी विचारलं, मॅडम काय म्हणाली? तं म्हणते, मम्मी तू राहू दे, तुले नाई समजत." तिनं पायावरचा चिखल बोटानं खरवडला. "अजून पहिलीतही नाही गेली. आत्ताच राहू दे म्हणते. मंग पुढं मी कोणासंग बोलू?"

वरून एक विमान गेलं. सगळ्यांनी वर पाहिलं, कारण खाली एकमेकांकडे बघणं जड जात होतं.

गाडीतून आवाज आला. "ते सगळं ठीक आहे. झाडूले लावली, गाईले लावली. मंग माह्यावर काऊन नाही?"

"तुमच्यावर कशी लावू, आई? तुम्ही एका जागी बसता का? दोन वेळा पेज घेऊन मागं आली होती. एका वेळी कोंबडीमागं पळाल्या, दुसऱ्या वेळी माह्यावरच खेकसल्या, मागं मागं काऊन फिरतं म्हणून." निशानं पदराची गाठ सोडली. आत घामानं मऊ झालेली घडी होती. "हे पाहा. तवापासून घेऊनच फिरून राहिली."

धुरपताबाई खाली उतरल्या. चिठ्ठी हातात घेतली. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ती बोटानं मोजली. मग फ्रिजपाशी गेल्या आणि तिथल्या चिठ्ठीशी लावून पाहिली. दुपटीनं लांब भरली. परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता.

"काय लिहिलं वो?"

"ग्रँडमदर. आजी."

"आजी एवढी लांब राह्यते?" त्या समाधानानं म्हणाल्या, आणि टीनानं पेज लावून चिठ्ठी त्यांच्या पदरावर चिकटवली.

चहा झाला. गाठोडं परत आत गेलं. निघताना रेणू दारातच घुटमळली.

"निशा, पाठ झालेल्या चिठ्ठ्या काय करतं?"

"काही नाई, दीदी. काढून टाकते."

"मंग मले दे. आमचा पोरगा ओमेश फोनवर दोस्तासंग इंग्रजीतच बोलते. मी आत गेली का हात हलवते, जाय म्हणून."

"तुले तं लिहिता येते," वीरेंद्र म्हणाला. "घरी लिहून घे."

"तुमी चूप राहा. तिचं अक्षर चांगलं आहे."

मग दोघी जावा घरभर फिरून, नखानं हळूच सोडवत, चिठ्ठ्या वाटू लागल्या. दरवाजा-खिडकी रेणूला गेली. आरसा निशानं ठेवला, त्यातली अक्षरं अजून अडखळत होती. झाडूवरून थोडी घासाघीस झाली. छोटा हत्ती मूठभर कागद घेऊन आमगावच्या रस्त्याला लागला, तेव्हा बांधीवरून बगळे उडत होते.

दिवेलागणीला प्रेमिला पुन्हा आली. विरजणाची वाटी राहिली होती, असं म्हणाली.

"झाली का काकी वाटणी?"

"झाली."

"काय काय गेलं?"

"दरवाजा गेला. खिडकी गेली. कोठी गेली, झाडू गेला." धुरपताबाईंनी पदर नीट केला, चिठ्ठी पुढं येईल असा. "मी मात्र धाकटीले राहिली."

प्रेमिलानं दरवाजाकडे पाहिलं. दरवाजा होता. कोपऱ्यात झाडू होता. ती पायऱ्यांवरच थबकली, आत यावं की पळावं हे तिला कळेना.

धुरपताबाईंनी हात पुढे केला आणि गोठ्यात ऐकलेल्या आवाजात, अगदी सावकाश म्हणाल्या, "प्लीज सिट डाऊन."

प्रेमिलानं एक उसासा सोडला आणि बसली.