काळी काच आणि मंगळूकाकांचा राब

गॉगलच्या काचेचा रंग या विषयात शहापूर ते मुरबाड पट्ट्यात माझ्याइतकं कोणाला कळत असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. मी त्याला चहा पाजीन आणि अर्ध्या तासात गप्प करीन!

मातीच्या वाटांवर मोटरसायकल पळवायला लागून मला जेमतेम सहा महिने झालेत, पण अभ्यास दांडगा आहे. भर उन्हाला काळी काच. ढगाळ हवेला पिवळी, कारण तिच्यातून खड्ड्याची कड उठून दिसते. ऊन-सावलीच्या वाटेला तपकिरी आणि दाट झाडीत साधी पांढरी. माझ्याकडे चारही आहेत, मऊ कापडाच्या चार पिशव्यांत. बायको चंद्रकला म्हणते, एवढ्या मायेने कधी माझ्या साडीची घडी घातली नाहीत. भातसानगरच्या कचेरीतही लोक हल्ली माझं टेबल टाळून लांबच्या दाराने जातात. माझ्या ज्ञानाचं त्यांना दडपण येत असावं.

ही आवड बाबांकडून आली. बाबा धरणावर नोकरीला होते आणि त्यांच्याकडे जुनी मोटरसायकल होती. घरात त्यांचा फोटो आहे, गाडीवर बसलेला, गॉगल कपाळावर चढवलेला. काय तो रुबाब! लहानपणी मी पेट्रोलच्या टाकीवर बसायचो आणि ते मागून दोन्ही हातांनी मला घेरून गाडी चालवायचे. तेवढं सुरक्षित मला नंतर कुठेच वाटलं नाही.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी ते शेणव्याच्या पुढे, मुरबाडच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावर आपल्या दोस्ताला, मंगळूकाकांना, बोलवायला जात. जात ते एकटे, परत येत दोन दिवसांनी, काकांना मागे बसवून. गाडीचा आवाज वळणावर आला की आम्ही पोरं धावत सुटायचो. काका पंच्याच्या गाठीतून करवंदं काढून आमच्या ओंजळीत ओतायचे. पौर्णिमेला आईच्या खिरीची पहिली वाटी काकांची, हे ठरलेलं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून काका आले नव्हते. मी दरवर्षी न चुकता फोन करायचो, ते "बघू" म्हणायचे आणि यायचे नाहीत. यंदा पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा आई म्हणाली, "मंगळू आला नाय तर मी खीर करायचीच बंद करते. तू जा आन त्याला घेऊन ये."

खीर बंद म्हणजे बाबांच्या दिवसांतलं उरलंसुरलंही बंद. मला ते सोसणार नव्हतं. मी लगेच तयारीला लागलो.

"जाताना जुने कपडे घाल," आईने सांगितलं. आता जो माणूस चार काचा घेऊन निघतो, तो जुने कपडे कसा घालेल? मी नवीकोरी नारिंगी जर्सी चढवली आणि निघालो.

शेणव्याला चहाला थांबलो. तिथे एकाने छातीठोकपणे सांगितलं की पाड्याचा डांबरी रस्ता मंजूर झाला, काम सुरूसुद्धा झालं असेल. हा रस्ता मी शाळेत होतो तेव्हापासून दर निवडणुकीला मंजूर होतोय. तरी बाबांच्या वाटेवर अखेर डांबर पडलं या कल्पनेने मन भरून आलं.

पुढे ओढ्यात जांभळीची गर्द सावली होती, म्हणून पांढरी काच लावली. ओढा ओलांडला तर ऊन कडकडीत. शास्त्राप्रमाणे काच बदलायला हवी. एका खडकावर चारही काचा मांडून बसलो होतो, तेवढ्यात डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली लहानी नावाची बाई येऊन पुढ्यात उकिडवी बसली. तिने मला चष्मे विकणारा ठरवलं. एकेक काच डोळ्यांपुढे धरून पाहिली आणि विचारलं की यात सुईत दोरा ओवायचा नंबर कुठला. मी तिला पाव तास शास्त्र सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे उन्हात अंधार करून घ्यायचा," उठताना ती म्हणाली. "मग डोलं मिटून गेलास तरी चालंल की."

अडाणी बाई, असं मनात म्हणत मी काळी काच बसवली आणि निघालो.

चढ संपला, पाड्याची घरं दिसली, आणि त्यांच्या अलीकडे उन्हात मला ती दिसली. लांब, काळीशार, सपाट पट्टी. डांबर! खरंच झाला की रस्ता! माझे डोळे पाणावले. बाबा आज हवे होते, असं म्हणून मी गाडीचा कान पिळला आणि ती त्या रस्त्यावर घातली.

मंडळी, तो रस्ता नव्हता. तो राब होता. भाताचं रोप तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात ते भाजतात. भाजलं की जमीन काळी होते, तण मरतं, रोप जोमाने येतं. ती राख पावसापर्यंत जपायची, तिच्यावरून कोंबडीसुद्धा जाऊ द्यायची नाही. मी पाऊणशे किलोचा माणूस, दीडशे किलोची गाडी घेऊन गेलो होतो.

पुढचं चाक राखेत रुतलं. मी गाडीवरून सुटलो आणि उरलेला राब पोटावर पार केला. काल संध्याकाळी भाजलेला होता, खालून अजून कोमट लागत होता. तपकिरी काच असती तर बांध दिसला असता, हा विचार मी घसरत असतानाच केला. अभ्यास तो अभ्यास.

आवाज ऐकून बुधीकाकू, म्हणजे मंगळूकाकांची बायको, बाहेर आली. राखेच्या ढगातून उठणारं ते ध्यान बघून तिने आधी काठी उचलली. मी घाईघाईने ओरडलो, "काकू, रस्ता कधी झाला?"

झालं! रस्त्याचं नाव काढणारा म्हणजे रस्त्याचा ठेकेदार. आजवर अडलेली गाऱ्हाणी घेऊन अख्खा पाडा माझ्याभोवती जमला. मी रत्नदीप, रामाचा मुलगा, हे मी तीनदा सांगितलं, पण त्या राखेखाली मी माझा मलाही ओळखू आलो नसतो.

मग गर्दीतून मंगळूकाका आले. महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्यांच्याही डोळ्यांवर काळा चष्मा. दोन काळ्या चष्म्यांनी एकमेकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग राबातल्या चाकाच्या खोल चरीकडे पाहिलं आणि हसायला लागले.

"हा रामाचाच," ते लोकांना म्हणाले. "बाप पण इथनंच गेलेला."

बाबा? माझे बाबा?

हो. पहिल्यांदा काळ्या काचेचा गॉगल घेतला त्या वर्षी बाबाही असेच डांबर समजून याच राबात शिरले होते. तेव्हाही रस्ता मंजूरच होता! दोन दिवस राहून त्यांनी शेण-पाला वाहिला आणि राब पुन्हा घातला. त्यानंतर दरवर्षी ते त्याच दिवसांत येत राहिले, काकांच्या जोडीने राब घालायला. गॉगल मात्र त्यांनी कपाळावरून खाली कधी घेतला नाही.

फोटोतल्या त्या रुबाबाला मी काय समजत होतो! पण माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. मी काकांना विचारलं, मी तर दरवर्षी बोलवत होतो, मग तुम्ही का आला नाहीत?

काकांचं हसू थांबलं. "तीन वरसं ह्यो राब मी एकट्यानं घातला रे. तू फोन केलास. फोनला शेण उचलता येतं का?"

मी गॉगल काढून हँडलला अडकवला आणि पाटी मागितली.

दोन दिवस मी शेण वाहिलं, पाला वाहिला, माती चाळली. काका बांधावर बसून "तिकडं पातळ पडलं" म्हणत राहिले. बाबांच्या हातूनही तिकडे पातळच पडायचं, असं ते म्हणाले आणि मला शेणाच्या पाटीखाली रडू आलं. राखेमुळे कोणाला दिसलं नाही. राब भाजून झाला तेव्हा मी न विचारताच काकांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते गाडीवर बसले. वाटेत लहानी भेटली. तिला मी पांढरी काच देऊन टाकली. तिच्यातून आहे तसं दिसतं, असं ती म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गाडी आमच्या वळणावर आली, तेव्हा आई दारातच उभी होती. काकांनी पंच्याची गाठ सोडून तिच्या हातात करवंदं ओतली. ती डोळे पुसून माझ्याकडे वळली. माझी नारिंगी जर्सी आता कुठूनही नारिंगी नव्हती.

"तुझ्या बापाचे कपडे पंचवीस वरसं मी धुतले," ती म्हणाली. "उगाच सांगितलेलं का, जुने घाल म्हणून?"