गोळ्यांचा मगनभाऊ

कुणाचं माणूस गेलं की आमच्या गल्लीत न्हाव्याच्या आधी मगनभाऊ येतो. पायात गमबूट, हातात कापडी थैली. दारात उभा राहून हळूच विचारतो, "औषधं काही उरनात का?"

लोक चिडतात. "उना यमना भाऊबंद!" म्हणतात, यमाचाच भाऊ दारात आला म्हणून.

मगनभाऊ कामाला गावाबाहेर, गटारीचं पाणी साफ करतात त्या प्लांटवर. आमच्यात माणूस गेलं की त्याचं अंथरूण, औषधं घरात ठेवत नाहीत. अंथरूण बाहेर टाकतात, गोळ्या मोरीत. त्या वाहत जातात मगनभाऊकडे. तिथल्या टाक्यांत बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. ते घाण खातात. त्यांना तो आपली पोरं म्हणतो.

"मन्हा पोरेसले ताप शे का? मंग त्यासले गोळ्या कसाले देतस?" असं तो नगरसेवकालाही विचारून बसला.

घाण खाली बसते, पण औषध साखरेसारखं विरघळून पाण्यासंगं पुढे नदीत जातं म्हणे. म्हणून प्लांटवर एका पिंपात खास कोळसा भरून त्यातून पाणी गाळून बघताहेत. औषध कोळशाला चिकटतं. मगनभाऊला त्या पिंपाचं इतकं कौतुक, की भाचीच्या लग्नात दोन बाटल्या घेऊन आला. एक कोळशाआधीचं पाणी, एक नंतरचं. मांडवात सगळ्यांना दाखवल्या. दोन्ही सारख्याच.

"यामा फरक काय शे रे?" व्याही म्हणाले.

"दिखत नही, तोच तर वांधा शे!"

आमचे म्हातारे, माझे मालक, चार वर्षं खाटेवर होते. मी दिवसभर मिरच्या वाळवतात त्या पथारीवर देठ खुडायचे. हात कितीही धुवा, आग जायची नाही, म्हणून गोळी चमच्यानं द्यायचे. एकदा विसरले, त्यांचे ओठ सुजले. आठवडाभर मला मिरचीबाई म्हणत होते. रडायला वेळ नव्हता. दिवस निघून गेले, तेही गेले.

तिसऱ्या दिवशी मगनभाऊ दारात. सुरतहून आलेला माझा मुलगा अंगावर धावला. "चिता थंडी नही व्हयनी अन् तू थैली लिसन उना?"

मी म्हटलं, "येऊ दे त्याला."

डबा काढला. सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, मीच लावलेल्या. पण थैलीत टाकायला हात पुढे होईना. मुलगा म्हणे, "मोरीत टाक माय, मोकळी हो." तेही जमेना.

मगनभाऊनं एक पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचली. थैलीची घडी करून काखेत मारली.

"ऱ्हाऊ दे, अक्का. आजून तारीख गयी नही. गयी का मी ली जासू. मोरीमा मातर टाकू नको."

तेव्हापासून दर गुरुवारी येतो. त्याच्याही घरी कोणी नाही. चहा पितो, टाकीतल्या पोरांचं सांगतो, मी आमच्या म्हाताऱ्यांचं सांगते. निघताना डबा मागतो. एकेक पाकीट उजेडात धरतो.

"आजून टाइम शे, अक्का."

मला वाचता येत नाही. परवा सून सुरतहून आली होती, तिनं फळी पुसताना डबा उघडला. "अहो आई, यांची तारीख तर मागच्या दिवाळीआधीच गेली."

बाहेर गमबूट वाजले. मी तिच्या हातून डबा घेतला, झाकण लावलं आणि म्हटलं, "चहा टाक. एक कप जास्त."