तीन गोष्टींच्या बजेटमधला फोन

आमच्या गावात मोबाइल पैशाने मिळत नाही. आपल्याला येत असलेली एखादी गोष्ट दुकानात द्यायची आणि तिच्या किमतीचा फोन घरी आणायचा. दिलेली गोष्ट त्या क्षणापासून आपल्याला येत नाही. आमच्या शेजारच्या कबाडे मास्तरांनी पोहणं देऊन मोठ्या पडद्याचा फोन घेतला. आता ते नदीच्या घाटावर पायरीवर बसून तांब्याने आंघोळ करतात आणि फोनवर पोहण्याच्या स्पर्धा बघतात. त्यांची काही तक्रार नाही.

मी नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागातून निवृत्त झालो. आठ वर्षांपूर्वी डाव्या हाताने लिहिणं देऊन घेतलेला माझा फोन गेल्या महिन्यात काळा पडला तो पुन्हा उजळलाच नाही. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला लागतो आणि तो काढायला फोनसमोर तोंड दाखवावं लागतं. नोव्हेंबर तोंडावर आलेला. फोन घेणं भाग होतं.

बजेट आमच्या घरात त्रिशला ठरवते. त्रिशला म्हणजे माझी बायको. तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीमागे तीन ओळी लिहिल्या. एक, शिट्टी वाजवणं. दोन, तिसापर्यंतचे पाढे, पावकी-निमकीसकट. तीन, एका हाताने पत्ते पिसणं, जी कला मी पाणीपट्टी विभागातच शिकलो होतो. खाली तिने दोन रेघा मारल्या. सायकल द्यायची नाही, कारण दळण कोण आणणार. भाजी आणणं द्यायला तिची हरकत नव्हती, पण तिच्या मते ते मला मुळात येतच नव्हतं आणि न येणारी गोष्ट दुकान घेत नाही.

“ह्या तीन. चवथी न्हाई,” ती म्हणाली. “त्यो माणूस गोड बोलतोय. ऐकून घ्या आणि घरी या.”

तो माणूस म्हणजे हुक्केरी. बसस्टँडसमोरच्या दुकानात ते पारखी आहेत. पूर्वी वजनमापं खात्यात होते. ग्राहकाने आणलेली गोष्ट खरी आहे का, पुरेपूर आहे का, मधेच अडकते का, हे ते तपासतात आणि रजिस्टरात दर लिहितात. त्यांच्या मागे भिंतभर स्टीलचे डबे आहेत. कंपनीची गाडी महिन्यातून एकदा येते आणि डबे घेऊन जाते. कंपनी त्यांचं काय करते हे आम्ही कधी विचारलं नाही.

मी शिट्टी वाजवून दाखवली. हुक्केरींनी डोळे मिटून ऐकली आणि सांगितलं की शिट्टीला सध्या उठाव नाही, जो येतो तो शिट्टीच घेऊन येतो. पत्त्यांचंही फारसं कौतुक झालं नाही. पाढ्यांना मात्र ते खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी एकोणतीस सत्ते विचारलं, मी दोनशे तीन म्हणालो. मग त्यांनी औटकी विचारली, म्हणजे साडेतीनचा पाढा. वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली ती औटकी मी शेवटपर्यंत न अडखळता म्हटली. हुक्केरींनी चष्मा काढून पुसला. अशी चीज आता येत नाही, आजकाल लोक बे ते दहा घेऊन येतात आणि त्यातही सातात अडकतात, असं ते म्हणाले.

तिन्हींचा मिळून एक काळा फोन येत होता. त्याची जागा लवकर भरते, उन्हात तो तापतो आणि कॅमेऱ्यासमोर दोन पावलं मागे उभं राहावं लागतं, हे हुक्केरींनी स्वतःहून सांगितलं. माणूस प्रामाणिक आहे. हयातीचा दाखला मात्र त्यावर निघेल, असंही ते म्हणाले. मी अर्ज भरायला घेतला होता. तेवढ्यात त्यांनी वरच्या कप्प्यातला निळा फोन काढून माझ्या हातात नुसता धरायला दिला.

तो फोन मी धरायला नको होता. हे आता कळतं.

“आणखी काही येतं का, चौगुलेसाहेब?” हुक्केरींनी विचारलं. निवृत्तीनंतर मला साहेब म्हणणारा हा पहिलाच माणूस.

मी नाही म्हणालो. मग त्यांनी दिवसभर घरी काय करता असं सहज विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत बसतो. आत त्रिशला काम करते. ती भांडं ओट्यावर ठेवते त्या आवाजावरून तिच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. लोकांना वाटतं, भांडं आपटलं म्हणजे राग. तसं काही नसतं. पातेलं आपटलं तर काळजीचं कारण नाही, ते घाईचं असतं. ताटली दोनदा वाजली तर तिच्या बहिणीचा फोन येऊन गेलेला असतो. झाकण फिरत फिरत थांबलं तर ती गाणं गुणगुणते आहे, फक्त तोंडाने नाही. आणि वाटी अगदी हळू, जपून ठेवली गेली की मात्र आपण पेपर खाली ठेवायचा आणि काल आपण काय बोललो ते आठवायला लागायचं.

हुक्केरींनी रजिस्टराच्या पाठीमागचं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कौटुंबिक श्रवण, वर्ग एक. दुकान सुरू झाल्यापासून ही गोष्ट एकदाही आली नव्हती. ही एक दिली तर निळा फोन मिळत होता. बाकीच्या तीन गोष्टींचा काळा फोन वर मिळत होता, तो घरात दाखवायला ठेवता आला असता.

मी बजेटच्या बाहेर गेलो. याला दुसरा शब्द नाही. मी मनात असा हिशेब केला की एकतीस वर्षांत बायको काय म्हणते हे एवढं कळून चुकलंय की आता आवाजाची गरज नाही. मी अर्जावर सही केली आणि गोष्ट काढून घेणाऱ्या यंत्रावर चार वेळा अंगठा लावला. दुखत नाही. अर्जाच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते मी वाचलं नाही.

घरी आल्यावर मी निळा फोन कपाटात शर्टांखाली ठेवला आणि काळा टीव्हीजवळ ठेवला. त्रिशलाने काळा फोन उलटसुलट करून बघितला, बरा आहे म्हणाली आणि आत गेली. आतून एक आवाज आला. ठण्ण. मी पुष्कळ कान दिला. तो ठण्णच होता.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत शांत दिवस होते, हे मी लपवणार नाही. आत भांडी वाजत होती आणि मी पेपर वाचत होतो. मी मधूनमधून विचारायचो, काय झालं. ती म्हणायची, काही नाही. मी ते खरं मानायचो. इतकी वर्षं हे किती सोपं होतं आणि आपण उगाच जीव काढला, असं मला वाटायला लागलं. मला जेवण जास्त जायला लागलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आत एकदम शांत झालं. एक वाटी ओट्यावर ठेवली गेली असावी, पण इतक्या अलगद, की मला बरं वाटलं. मी पाय टेबलावर घेतले. थोड्या वेळाने त्रिशला दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघून हसलो. ती माझ्या पायांकडे बघत होती. मग तिने कपाट उघडलं, शर्टांखालून निळा फोन काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“काय देऊन आलासा?”

मी सांगितलं. तिला ओरडता आलं असतं, पण ती ओरडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

“ती तुमची एकट्याची हुती व्हय?” ती शेवटी म्हणाली. “एकतीस वर्सं मी भांडी वाजवली, तवा तुमास्नी आली. निम्मी माझी हुती. मला न इचारता देऊन आलासा.”

मला फार वाईट वाटलं. पाणीपट्टी विभागात असतो तर मी स्वतःच हा अर्ज त्रुटी काढून परत पाठवला असता: सामाईक मालमत्ता, सहधारकाची संमती जोडलेली नाही.

तिने अर्जाची प्रत मागितली आणि चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, बारीक अक्षरांसकट. वर्ग एकची गोष्ट तात्पुरती स्वीकारली जाते, असं तिथे होतं. जिच्याबाबत ती गोष्ट आहे त्या व्यक्तीने सात दिवसांत दुकानात येऊन जबाब द्यायचा. गोष्ट खरी असल्याचं तिने सांगितलं तर व्यवहार कायम, गोष्ट कंपनीकडे जाणार. खोटी असल्याचं सांगितलं तर गोष्ट परत, फोनही परत, आणि देणाऱ्याचं नाव महिनाभर दुकानाच्या पाटीवर. त्रिशलाने प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. ती काय सांगणार आहे हे तिने मला सांगितलं नाही, आणि ओळखायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. हुक्केरींनी तिला खुर्ची दिली, मला दिली नाही, कारण जबाबाच्या वेळी देणाऱ्याने उभं राहायचं असतं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. एक जण भाकरी थापणं घेऊन आला होता, तोही थांबला.

हुक्केरींनी रजिस्टर उघडलं.

“राजगोंडा चौगुले यांना तुमच्या भांड्यांचा आवाज कळतो, असं त्यांचं म्हणणं आहे. खरं आहे का?”

“न्हाई,” त्रिशला म्हणाली.

हुक्केरींनी लिहिणं थांबवलं. त्यांना धक्का बसलेला दिसत होता. “थोडंफार तरी?”

“काय सुदिक न्हाई. पेपर वाचत बसत्यात. मी हंडा जरी पाडला तरी कळायचं न्हाई.”

“एकतीस वर्षांत एखाद्या वेळी? नीट आठवून सांगा, बाई. हा वर्ग एकचा माल आहे.”

“एकदा न्हाई.”

“लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात?”

“तवा भांडी सासूबाईंच्या ताब्यात हुती,” ती म्हणाली.

हुक्केरींनी तेही लिहून घेतलं. त्यांनी रजिस्टर तिच्याकडे वळवलं आणि तिने पूर्ण नाव लिहून सही केली. भाकरीवाला माझ्याकडे बघत होता. पाच-सहा माणसांसमोर बायकोने मला काही कळत नाही असं लेखी दिलं होतं. आणि ते खरं असू शकतं, हा विचार मला तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा आला. एकतीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत बसून जे ऐकत होतो ते कदाचित माझं मीच रचलेलं असेल. ती बहीण, ते गाणं, ती वाटी. मी टेबलाला धरून उभा राहिलो.

हुक्केरींनी स्टीलचा डबा काढला, त्यावर लाल शाईने खोटा माल असा शिक्का मारला आणि तो उघडला. मी यंत्रावर अंगठा लावला. काही वेगळं वाटलं नाही. निळा फोन त्यांनी परत घेतला, वरच्या कप्प्यात ठेवला आणि काळा आमच्याकडेच राहू दिला, कारण त्या तीन गोष्टींचा हिशेब पुरा होत होता. पाटीवर खडूने माझं नाव लिहिताना त्यांनी मला चौगुले एवढंच म्हटलं, साहेब म्हटलं नाही.

आम्ही रिक्षाने परत निघालो. तिने काळा फोन मांडीवर घेतला होता. मी बाहेर बघत होतो. भांडी घरी होती, त्यामुळे घरी पोचेपर्यंत काही कळायचा प्रश्नच नव्हता.

घरी आल्यावर ती साडीसुद्धा न बदलता आत गेली. मी बाहेरच्या खोलीत बसलो. पेपर हातात घेतला नाही. नळ सुरू झाला, बंद झाला. मग तिने दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं.

मला सगळं कळलं. तिने दिलेला जबाब पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटा होता. तो खोटा आहे हे ती जन्मात कबूल करणार नव्हती. सहा दिवस आत भांडी वाजत असताना बाहेर ऐकणारं कुणी नव्हतं, त्याने ती घाबरून गेली होती. आणि बजेट मोडल्याचा विषय अजून संपलेला नव्हता, तो जेवणानंतर निघणार होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी उठून आत गेलो आणि न सांगता शेंगा सोलायला बसलो. त्रिशला माझ्याकडे पाठ करून उभी होती.

“काय कळलं?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

जेवणानंतर विषय निघाला.