राजे कमानीखाली वाकले त्याची हकीकत

श्रीसमुद्रनारायण साक्ष. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरी, दर्याकाठच्या एका राज्यी वर्तमान घडले ते ऐसे जे, त्या राज्यी देवमाशांची शिकार थोर आणि त्यांच्याच तेलाने नगरीचे दिवे जळत. दरसाल जो सर्वांत मोठा मासा मारून आणीत त्याच्या जबड्याची राजरस्त्यावर कमान उभारीत, आणि दसऱ्यास श्रीमंतांची स्वारी साऱ्या कमानींखालून विजयाने मिरवी, ऐसी वडिलांपासून चाल. पोथीशाळेत निंबाजी हरी म्हणून वृद्ध कारकून होते. विद्वान, परंतु इतके बुजरे की शिंक आली तरी आधी क्षमा मागावी. त्यांनी जुने कागद चाळिले तों आढळले की श्रीमंतांच्या पणजोबांच्या कमानीखालून अंबारीसुद्धा हत्ती जाई, आजोबांच्या कमानीखालून घोडेस्वार, आणि गतसाली पालखीचा कळस मोडला, तेव्हा बोल लागला भोयांस! थोर मासे सरले, आता त्यांची पिलेच मारितात, ऐसे त्यांच्या मनी आले. मग वाटले, आपलीच वाचण्यात चूक असेल. मग पुन्हा वाचिले, आणि दोन दिवस अन्न गेले नाही.

इतक्यात खबर आली की खाडीच्या तोंडाशी एक मादी पिलासह आली आहे, यंदा दुसरा मासा दिसला नाही. संभूजी नाखव्याने मुजरा करून अर्ज केला, "महाराज, आपल्या धाकाने मासे खोल दडलेत. दुप्पट गलबते द्या. आधी पिलू मारतो. आई त्याला सोडून जात नाही, आयतीच सापडते." दरबाराने वाहवा केली. निंबाजी उठले, बसले, पुन्हा उठले. "सरकार, बहुधा माझेच चुकत असेल, पण..."

"अहो पंत, मोठ्याने बोला! इथे मासा बुजत नाही," नाखवा म्हणाला, आणि दरबार हसला. मग निंबाजींनी डोळे मिटून म्हटले, "पिलाला भाला लागण्याआधी महाराजांनी कमानींखालून एकदा पायी चालावे. इतकेच."

श्रीमंत कौतुकाने निघाले, आणि थोरल्या कमानींखालून ताठ गेले, मग शेवटच्या कमानीस तुरा अडकून पगडी धुळीत पडली. राजे म्हणाले, "सुतार चुकला काय?"

नाखवा खाली पाहून बोलिला, "नाही महाराज. मासाच एवढा होता."

"आणि खाडीतले पिलू?"

"त्याची कमान केली तर... रांगत जावे लागेल."

मग राजे गर्जले, "आमच्या कुळात विजयाखालून कोणी रांगले नाही! गलबते वर ओढा!" आणि दिव्यांत माशाऐवजी उंडीच्या बियांचे तेल आले, आणि त्याच नाखव्यास खाडीच्या राखणीवर नेमिले.

बारा वर्षे गेली. दुंदुभी संवत्सरी किनाऱ्यावर नौबत झडली, कारण खाडीत फवाऱ्यावर फवारा उडत होता. ती मादी, तिचे वाढलेले पिलू, पिलाचे पिलू, आणि मागे गोतावळा. नाखवा ओरडला, "पंत, मोजा!"

"आठ... नव्हे, अकरा. माझेच चुकत असेल."

"चुका हो पंत! रोज चुका!" आणि राजांनी आपल्या हाताने पगडी उतरविली.

सारांश, नवी कमान पुन्हा झाली नाही, मासे वाढले, आणि राज्य ताठ चालिले. इतके वर्तमान.