तीन पिढ्यांचा स्वच्छ अर्ज

प्रतिष्ठित घराण्यात माणसं मरतात, पण आजाराने मरत नाहीत. लिफ्टनिरीक्षकाच्या आजोळी हा नियम काटेकोरपणे पाळला जाई. गेल्या पन्नास वर्षांत तिथे सात जण गेले. पैकी आजाराने शून्य.

त्याच्या मुलीने इस्पितळातून एक अर्ज आणला. पोटाचा आणि स्तनांचा कर्करोग काही घराण्यांत रक्तातून उतरतो. तेव्हा तीन पिढ्यांत कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं ते भरून द्यायचं. त्यावरून तिची तपासणी करायची की नाही, हे डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. निरीक्षकाने सुवाच्य अक्षरात भरलं: आई, चव्वेचाळीस, पोटाची किरकोळ तक्रार. मोठी मावशी, एकोणचाळीस, मनाला लावून घेतलं. मामा, पन्नास, जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत. (धाकट्या मावशीपुढे नुसतं 'स्वभाव' लिहिलं, रकान्यात जागा कमी होती.) 'वरील माहिती सत्य आहे' याखाली त्याने झोकात सही केली.

हाच माणूस वीस वर्षं परक्यांच्या लिफ्टा तपासत आला होता. 'दोर दिसायला तर ठणठणीत आहे' असं कुणी म्हणालं, की तो आधी लिफ्टला सील ठोकायचा आणि मग चहा घ्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज वाचला. "घराणं स्वच्छ आहे. तपासणीची गरज दिसत नाही. फक्त तुमच्याकडे माणसं फार थोडक्या कारणाने जातात."

"सुटले बाई," मुलगी म्हणाली.

आपल्या आईचा कर्करोगाचा रिपोर्ट निरीक्षकानेच आणला होता, वाचलाही होता, आणि घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला होता. मुलीत काही निघालंच, तर ते त्याच्याकडूनच तिला गेलेलं असणार. बाप म्हणून तिला दिलेल्या वस्तूंपैकी हीच तेवढी टिकाऊ निघेल, अशी त्याला भीती वाटत होती.

"अर्ज जरा इकडे द्या," तो म्हणाला. "दुरुस्ती आहे."

"किती ठिकाणी?"

"चार."

रक्त दोघांचंही घेतलं. रिपोर्ट अजून यायचा आहे. आजोळी मात्र बातमी लगेच पोचली. मामेभावाने फोन करून विचारलं, "माझ्या बापाला परस्पर कॅन्सर देणारा तू कोण रे?" आणि बोलणं टाकलं.

वाचकांनी खुशाल हसावं. हसून झालं की आपल्या घरचा असाच एक कागद भरावा, अडतिसाव्या वर्षी गेलेल्या आत्यापुढे 'वयोमानाने' असं लिहून खाली सही करावी, आणि तो स्वतःच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवावा.